अक्कांची खळ

अक्कांना घड्याळ लागायचं नाही. दवाखान्यात भिंतीवर एक घड्याळ होतं, माझ्या मोबाईलमध्ये दुसरं होतं, शिवाय चार मिनिटं झाली की किरकिरणारं एक पिवळं यंत्र मी हौसेनं आणून ठेवलं होतं. अक्का त्यांतल्या कशाकडेही बघायच्या नाहीत. पेशंटच्या तोंडात फ्लोराईडच्या जेलचा ट्रे बसवला, की त्या शेजारच्या स्टुलावर बसायच्या आणि मांडीवर विड्या वळायला लागायच्या. पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही, नुसती बोटं. तंबाखू भरल्यासारखं करायचं, गुंडाळल्यासारखं करायचं, टोक मुडपून दोरा बांधल्यासारखं करायचं. अशा नऊ विड्या झाल्या की चार मिनिटं पुरी. सुरुवातीला मी चोरून घड्याळ लावून पाहिलं. दहा-पंधरा सेकंदांच्या वर फरक कधी पडला नाही. मग ते पिवळं यंत्र मी घरी नेलं आणि डाळ शिजवताना वापरायला लागले.

त्यांचं नाव नरसव्वा. पण सोलापूरच्या पूर्व भागात एका वयानंतर सगळ्याच बायका अक्का होतात, तशा त्याही झाल्या होत्या. शाळा तेलुगूतून चौथीपर्यंत. दहाव्या वर्षी विड्यांची सुपली मांडीवर आली ती चाळिशीपर्यंत उतरली नाही. त्या सगळ्या बायकांसारखी त्यांना मशेरीची सवय लागली आणि दात काळे पडले. त्यामुळे त्या हसायच्या ते पदर तोंडाला लावून, नाहीतर ओठ घट्ट मिटून नुसत्या डोळ्यांनी. दिवसभर दुसऱ्यांना "आ करा, मोठा आ करा" म्हणणाऱ्या ह्या बाईचं तोंड मी पहिल्या अकरा वर्षांत पुरतं उघडलेलं पाहिलं नाही. "अक्का, एकदा खुर्चीत बसा की, मी साफ करून देते," असं मी दर दिवाळीला म्हणायचे. "माजं दुकान बंद हाय, डॉक्टरबाई," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या त्या कामासाठी नव्हे. मी नुकताच दवाखाना टाकला होता, पेशंटपेक्षा डास जास्त यायचे. एके दिवशी ह्या बाई बारा वर्षांच्या पोरीचा दंड धरून आत शिरल्या. पोरगी पल्लवी. वरच्या चारही पुढच्या दातांवर तपकिरी डाग आणि त्यांच्या कडेला खडूसारखे पांढरे चट्टे. अक्कांना वाटलं होतं, पोरगी दात घासत नाही. म्हणून त्यांनी दोन महिने तिचे दात राखेनं घासले होते, मग विटेच्या भुकटीनं, आणि शेवटी, मी कपाळाला हात लावला ते हे ऐकून, मशेरीनं. पोरीच्या हिरड्या सोलून निघाल्या होत्या आणि डाग होता तिथंच होता.

मी विचारलं, लहानपणी ही कुठं वाढली? तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरा यंत्रमागावर, अक्का विड्यांवर, पोर सांभाळायला घरात कोणी नाही. म्हणून एक वर्षाची असताना पल्लवीला तेलंगणात आजीकडे ठेवली. सात वर्षांची होईपर्यंत ती तिथलं बोअरचं पाणी प्यायली. पुढं कधीतरी त्या गावातल्या हापशाला सरकारी माणसांनी तांबडा रंग फासला आणि शेजारी पाटी लावली, ह्या पाण्यात फ्लोराईड फार आहे, पिऊ नये. तोवर पल्लवीचे दात हिरडीच्या आत तयार होऊन गेले होते. मी हे नीट समजावून सांगितलं. मला वाटलं, बाईंना हायसं वाटेल, की चूक पोरीची नाही. अक्का पोरीच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे मीच केलं की हे." मी नाही नाही म्हणाले. पण त्या माझं ऐकायला थांबल्या नव्हत्या.

त्याच महिन्यात माझी मदतनीस लग्न होऊन गेली आणि अक्का तिच्या जागी आल्या. आठव्या दिवशी माझी फ्लोराईडची नवी कोरी बाटली सापडेना. कपाट पाहिलं, टेबल पाहिलं, शेवटी ती कचऱ्याच्या डब्यात मिळाली. अक्कांनी ती टाकली होती, आणि चोरून नव्हे. "डॉक्टरबाई, तुमाला कुणीतरी इख इकलंय," त्या अगदी काळजीनं म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या हाय, पर वय न्हाय अजून. ह्ये त्येच हाय. पाटीवरचं."

मला त्या वेळी हसू आवरेना. मग बसून सांगावं लागलं. दात आत घडत असताना हे पोटातून जास्त गेलं तर घडणच बिघडते. पण घडून बाहेर आलेल्या दातावर वरून थोडं लावलं, आणि गिळलं नाही, तर दाताच्या वरच्या कवचाला बळ येतं. दात पांढरे करायचं औषध लावल्यावर तर ते लागतंच, कारण त्या औषधानं कवच काही दिवस पोखरल्यासारखं होतं, गार-गरम झोंबतं, आंबट काही खाल्लं तर आणखी झिजतं. अक्का ऐकत होत्या आणि त्यांचे डोळे माझ्यावर नव्हते. मग म्हणाल्या, "म्हंजे खळ." त्यांच्या नवऱ्याचा जन्म टॉवेल-चादरींत गेला होता. त्यांनी मलाच समजावून सांगितलं, "सुताच्या रंगात चूक झाली, तर कापड जन्माचं बिघडलं. पर कापड ब्लीच मारून पांढरं केलं, की त्याचा जीव जातोय. मग त्याला पिठाची खळ द्यावी लागती. खळ न्हाय दिली की फाटतंय." दंतवैद्यकाच्या पाच वर्षांत मला कोणी इतकं स्वच्छ शिकवलं नव्हतं.

त्या दिवसापासून फ्लोराईडचा एवढा कैवारी सोलापुरात दुसरा नसेल. तेलुगू पेशंटना त्या त्याला 'मंदू' म्हणायच्या. मंदू म्हणजे औषध. पण त्यांच्याकडे शेतात फवारायचं तेही मंदूच, आणि एखादी मंदू प्यायली म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. मी एकदा म्हटलं, दुसरा शब्द वापरा, लोक घाबरतील. अक्का म्हणाल्या, "घाबरू द्यात की थोडं. घाबरलेलं माणूस चार मिंटं गप बसतंय."

दात पांढरे करून घ्यायला यायचे ते बहुतेक लग्नाळू. काम झालं, आरशात पाहिलं, की त्यांना पळायचं असायचं. फ्लोराईड कसलं आणि काय. म्हणून असा पेशंट आला की अक्का आधी त्याच्या चपला उचलून आतल्या कपाटात ठेवायच्या. ट्रेची चार मिनिटं, वर अर्धा तास खाणं-पिणं-चूळ काही नाही, असं सगळं झाल्यावर चपला परत. मग निघताना हुकूम सुटायचा, "दोन दिस पांढरं खायाचं. दूधभात, इडली, दुधात भाकरी. चहा न्हाय, हळद न्हाय, शेंगाची चटणी तर नावच काडू नगा." होटगीकडचा एक नवरदेव कळवळून म्हणाला, अक्का, चटणीशिवाय भाकरी कशी उतरायची? "बायकू मिळतीया न्हवं? मग उतरंल," अक्का म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांना फोन करून काय जेवलास ते विचारायच्या आणि खोटं बोललेलं त्यांना आवाजावरून कळायचं.

एका नवरीनं तर हळदीच्या आदल्या दिवशी दात पांढरे करून घेतले. तारीख सांगितलीच नव्हती. अक्कांना कळलं तेव्हा त्या दवाखाना सोडून त्या लग्नघरी गेल्या आणि हळद चालू असताना नवरीच्या तोंडापुढं ओला रुमाल धरून उभ्या राहिल्या. करवल्या गालाला हळद लावायला आल्या की ह्या रुमाल आडवा घालायच्या. फोटोवाला वैतागला. त्या लग्नाच्या अल्बममध्ये, मला नंतर दाखवलं त्यांनी, पाच-सहा फोटोंत नवरीच्या तोंडाच्या जागी अक्कांचा हात आहे.

हे सगळं मी हसत हसत लिहिते आहे. ह्यापुढचं लिहायचा धीर होत नाही म्हणून इथंच रेंगाळते आहे.

पल्लवी बी.कॉम. झाली. नाकीडोळी नीटस, कामाला चटपटीत. आईसारखीच ओठ मिटून हसायची, फक्त आईचं दुखणं मशेरीचं होतं आणि हिचं पाण्याचं. अक्कांचा नवरा तोवर गेला होता. विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, खोलीत दोघीच. पाहुणे बघायला यायचे, पोहे खायचे, तिला काहीतरी विचारायचे. ती उत्तर द्यायला तोंड उघडायची आणि त्यानंतर कोणी काही विचारायचं नाही. दाताचं म्हणून कधी कोणी बोललं नाही. कळवतो म्हणायचे. तिसऱ्या वेळी असं झालं तेव्हा मीच म्हणाले, "अक्का, मी तिचे दात पांढरे करून देते." त्या लगेच नको म्हणाल्या. "डागाच्या कापडाला ब्लीच मारलं की डाग अजून उठून दिसतोय, डॉक्टरबाई." खरं तर हे मला त्यांच्यापेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं. असल्या दातांना वरचा पातळ थर घासून, मग गरज पडली तर दातांच्याच रंगाचं लेपण करून, सावकाश बरंच काही करता येतं. पण मला घाई होती. अक्कांसाठी काहीतरी करून दाखवायची हौस होती. मी चार वेळा म्हणाले, तेव्हा त्या कबूल झाल्या.

शनिवारची संध्याकाळ होती, बाहेरची बाकडी भरलेली. पल्लवी दीड तास खुर्चीत होती. काम संपलं आणि मी आरसा तिच्या हातात दिला. तपकिरी बराच उतरला होता. पांढरे चट्टे मात्र आता जास्तच पांढरे दिसत होते. दोन-तीन आठवड्यांत ते बऱ्यापैकी मिसळतात, हे मी तिला सांगणार होते, नंतर, निवांत. पण तिला त्या क्षणी चट्टे दिसलेच नाहीत. ती दात दाखवून हसली. तेवीस वर्षांच्या पोरीला मी पहिल्यांदा असं हसताना पाहिलं. अक्का ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

"आ कर," त्या म्हणाल्या.

"आता काय आहे अजून?"

"मंदू गं. चार मिंटं."

पल्लवीचं हसू गेलं. "कुठला मंदू, अम्मा? पाण्यातला? ज्यानं माझे दात घालवले, तोच परत लावतीस?"

"तसं न्हाय. ते येगळं, ह्ये येगळं. ही खळ हाय, मी सांगितलं न्हवतं का तुला?"

"नाव एकच आहे की. मोबाईलवर वाचलंय मी सगळं. नको मला." मग तिचा आवाज चढला, आणि बाहेरच्या बाकड्यांवरची कुजबुज थांबली. "तूच पाठवलीस ना मला तिकडं? तुला विड्या वळायच्या होत्या म्हणून? आता इथं आणून परत तेच लाव."

एवढ्या वर्षांत शेकडो हट्टी माणसांना त्यांनी वठणीवर आणलं होतं. कपाटात चपला ठेवल्या होत्या, दरडावलं होतं, लाडीगोडी लावली होती. त्या दिवशी घरच्या पोरीच्या चपला कशाला उचलायच्या म्हणून त्या दारातच राहिल्या होत्या. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलावं, डॉक्टर म्हणून चढ्या आवाजात सांगावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हणाले, "राहू दे, अक्का. एवढं काही नाही. सोमवारी लावू."

मला तो तमाशा संपवायचा होता. पुढचा पेशंट अर्धा तास ताटकळला होता, आणि मला लाज वाटत होती. कशाची, ते आजही नीट सांगता येणार नाही. अक्का म्हणाल्या, "तुमी म्हंताय तर ठीक." त्यांनी ट्रे बेसिनमध्ये ठेवला. फ्लोराईड न लावता दात पांढरे करून अक्कांच्या हातून सुटलेली तेवढी एकच पेशंट.

पल्लवी सोमवारी आली नाही. मंगळवारी मैत्रिणीचं लग्न होतं, गुरुवारी डोकं दुखत होतं. मी अक्कांना विचारायचे, त्या म्हणायच्या, "येती म्हंतीया." तोवर तिला आरशात चट्टे दिसायला लागले होते, आणि दहा दिवसांनी भिवंडीचे पाहुणे यायचे होते. मला विचारायला ती कशी येणार? आली असती तर तोंडात ट्रे गेला असता. तिनं मोबाईलवरून कसली तरी पांढरं करायची पावडर मागवली. ती पुरेना म्हणून लिंबात खायचा सोडा कालवून घासायला सुरुवात केली, सकाळ-संध्याकाळ, जोर लावून. आधीच कमकुवत असलेलं कवच, त्यावर माझं औषध, त्यावर लिंबू. तीन आठवड्यांनी अक्कांना कपाटात ते पाकीट सापडलं तेव्हा पल्लवीला गार पाणी पिता येत नव्हतं आणि लग्न ठरलं होतं.

चार मिनिटांच्या त्या एका लेपानं हे सगळं टळलं असतं का? नसतं टळलं. डॉक्टर म्हणून मला हे ठाऊक आहे, आणि स्वतःची समजूत घालायला मी ते कितीदा तरी वापरलं आहे. पण ट्रे लावला असता तर ती चार मिनिटं बसली असती, वर अर्धा तास थांबली असती, चट्टे मिसळतात हे मी सांगितलं असतं, लिंबू लावू नकोस हे अक्कांनी सांगितलं असतं, दुसऱ्या दिवशी फोन गेला असता. त्या लेपाच्या मागं हे सगळं असतं, म्हणून अक्का चपला लपवत होत्या. मी 'एवढं काही नाही' म्हणाले.

लग्न झालं. निघण्याआधी मी तिला दुखू नये म्हणून जमेल तेवढं करून दिलं, फ्लोराईडही लावलं. तेव्हा तिनं आपणहून आ केला, पण वरचं कवच उरलंच नव्हतं तिथं लावायचं कशाला? पहिल्याच संक्रांतीला भिवंडीत तिळाची वडी चावताना पुढच्या दाताचा कोपरा उडाला. महिन्याभरात दुसऱ्याचा उडाला. सासू म्हणाली, "पोरगी रंगवून दिली आम्हाला." नवरा वाईट नव्हता, त्यानं तिथल्या डॉक्टरकडे नेलं. चारही दातांची मुळं साफ करून, ते खुंटासारखे कातून वर टोप्या बसवल्या. ह्या सगळ्यातून निघाल्यावर तिनं आईला एक फोन केला. अक्का तेव्हा दवाखान्यात उपकरणं पुसत होत्या. पलीकडचं मला ऐकू आलं नाही, नंतर अक्कांनीच सांगितलं. ती म्हणाली होती, "जगाच्या दाताला खळ लावतीस, आणि माझ्या वेळी हात मागं घेतलास." त्यानंतर तिनं आईचा फोन उचलला नाही.

आणि अक्कांनी तिला त्या फोनवरही सांगितलं नाही, की हात त्यांनी मागं घेतला नव्हता, मी घ्यायला लावला होता. मी म्हणाले, "मी फोन करते तिला, मी सांगते." अक्का म्हणाल्या, "नगा. सासर नवं हाय. डॉक्टरचा फोन आला म्हंजे सासूला वाटंल, अजून काय लपवलंय हेंनी." मला सुटल्यासारखं झालं. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं होतं तसं.

त्यानंतरच्या अक्का निराळ्या होत्या. दुपारी जेवणाचा डबा उघडायच्या आधी त्या रोज भिवंडीला फोन लावायच्या. रिंग पूर्ण वाजू द्यायच्या, मग मोबाईल पिशवीत ठेवायच्या आणि डबा उघडायच्या. पेशंटला दरडावणं बंद झालं. कोणी फ्लोराईड नको म्हटलं तर त्या हात जोडायच्या. एका कॉलेजातल्या मुलीपुढं त्यांनी हात जोडले तेव्हा ती बिचारी घाबरून रडायलाच लागली. मी अक्कांना ओरडले. त्या म्हणाल्या, "लावती म्हणाली न्हवं? मग झालं."

एकदा दुपारी दवाखान्यात कोणी नव्हतं. अक्का आपणहून खुर्चीत जाऊन बसल्या. मला वाटलं, दमल्या असतील. त्यांनी दिवा स्वतःच्या तोंडावर ओढला आणि पदर बाजूला करून आ केला. "बघा," म्हणाल्या. मी पाहिलं. मशेरीनं काळे ठिक्कर, पण दात सगळेच्या सगळे जागेवर, एकही हलत नव्हता.

"घट हायेत का?"

"आहेत की, अक्का. चांगले घट्ट आहेत."

"मग म्होरले चार काडा आन् पल्लीला बसवा. काळे हायेत, पर तुमी कराल की पांढरे. आन् ह्या वेळी खळ मी लावीन, ती न्हाय म्हणाली तरी."

मी हसले. विनोद आहे असं मला खरंच वाटलं. मग पाहिलं तर त्या हसत नव्हत्या, तोंड तसंच उघडं ठेवून वाट बघत होत्या. तसं करता येत नाही, एका माणसाचे दात दुसऱ्याला असे लागत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं. किडनी लागते, डोळे लागतात, मग दात का नाही, असं त्यांनी विचारलं. त्यांनी दिवा परत जागेवर ढकलला, तोंड मिटलं आणि उठून ट्रे धुवायला गेल्या.

पुढच्या वर्षी मे महिन्यात अक्का एक दिवस आल्या नाहीत. फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी शेजारणीनं कळवलं, दुपारच्या उन्हाच्या वेळी खोलीतच पडल्या होत्या, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. हृदयाचं असावं. शेजारणीनंच भिवंडीला फोन लावला, आणि तो पहिल्या रिंगला उचलला गेला.

मी दहाव्याला गेले. पल्लवी दारात उभी होती. कोणीतरी काहीतरी विचारलं तर ती बोलली, आणि मला तिचे पुढचे दात दिसले. एकसारखे, पांढरेशुभ्र, उत्तम काम. त्यांच्याकडे बघवेना. बायका आत गेल्यावर मी तिला बाजूला घेतलं. दीड वर्ष जे सांगायचं राहिलं होतं ते एका दमात सांगून टाकलं. तुझ्या आईची चूक नव्हती. त्या ट्रे घेऊन उभ्या होत्या. मी म्हणाले राहू दे. मी म्हणाले एवढं काही नाही. राग धरायचा तर माझ्यावर धर.

पल्लवी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "माहीत आहे की, म्याडम. खुर्चीत मीच होते ना? ऐकलं होतं मी."

"मग अक्कांशी का..."

"तुमच्यावर रागावून काय करू? तुम्ही माझ्या कोण?" ती चिडून बोलत नव्हती, सरळ सांगत होती. "रागवायला मला अम्माच होती. वाटलं, अजून थोडे दिवस रागवावं, मग बोलावं. ती कुठं जाणार होती?"

आतून कोणीतरी तिला हाक मारली. ती वळली आणि गेली. मला तिचा राग हवा होता, तेवढा घेऊन मी घरी गेले असते. पण तो तिनं सगळा आईसाठी ठेवला होता, आणि आता तो ठेवायला तिलाही जागा नव्हती.